कोरं मनगट

कांदा मार्केटच्या गेटवर शिक्षा झालेल्या हमालांची ओळ वेगळी असते. मनगट पुढे करायचं, मुकादमाने बघायचं, मग पोती ओढायचा लोखंडी आकडा हातात मिळायचा. भरत गांगुर्डेच्या कातडीखाली ज्वारीच्या दाण्याएवढा मणी हिरवा चमकत होता. त्याला आकडा मिळाला. मागे सोपान निकाळे. त्याचं मनगट कोरं.

“तू झाडू घे,” मुकादम म्हणाला. “वाईट वाटून घेऊ नको. तुझ्या डोक्यात काय शिजतंय ते मला दिसायला नको का?”

सोपानच्या पोटात रोज इथेच आग पडायची. गुन्हा दोघांचा एकच. दारूच्या नशेत दोघांनी एका ट्रक ड्रायव्हरला मारलं, बिचाऱ्याचा डोळा गेला. सोपान त्याच संध्याकाळी आपल्या पायांनी चौकीत गेला. भरत सुरतेला पळाला. सोपानला जुन्या कायद्याने सात वर्षं सक्तमजुरी झाली. भरत सापडला तोवर कायदा बदलला होता. आता माणूस कोंडत नाहीत, मणी बसवतात. मणी रक्त चाखत राहतो. राग किंवा भीतीने रक्तात एक रसायन उसळतं, ते वाढलं की तो लाल होतो आणि पोलिसांना परस्पर कळवतो. तीनदा लाल झाला, तर उरलेली शिक्षा तुरुंगात.

तुरुंग ओस पडले. मंत्री छाती फुगवून भाषणं करू लागले. सोपान ज्या बराकीत कुढला, तिथे आता कांदा साठवतात. आणि पळपुटा भरत बायकोच्या हातचं गरम खाऊन, घरच्या गादीवर लोळून शिक्षा भोगतो. स्वतःहून हजर झालेल्याच्या हातात झाडू. याला न्याय म्हणतात.

तेही सोपानने गिळलं असतं. पण तनूचं काय? तो आत असताना बायको वारली, मुलगी मामाकडे वाढली. तिला न्यायला गेला, तर मेव्हणा दारातच उभा राहिला.

“दाजी, पोर तुमचीच आहे. पण तुमचं डोकं फिरलं तर आम्हाला कळणार कसं? भरतचं एक बरं आहे, अख्ख्या गल्लीला दिसतं.”

“मला आता राग येत नाही.”

“ते तुम्ही म्हणता.”

मामाच्या आडून तनूने त्याचं मनगट निरखलं. “तुमचा दिवा कुठंय? भरतकाकांना आहे ना.”

सोपान तडक कचेरीत गेला आणि मला मणी बसवा म्हणाला. बाई हसल्या. “तो शिक्षेतच बसतो हो. तुमची शिक्षा संपली. तुम्ही मोकळे आहात.”

“मोकळा आहे म्हणूनच अडकलोय, मॅडम.”

दुपारी शेडमागे त्याने हे भरतला सांगितलं. भरतने बिडी पायाखाली विझवली.

“मला एक ठेवून दे,” तो म्हणाला. “मी तक्रार करतो. किरकोळ मारहाणीला सहा महिने मणी. दिवाळीला पोर तुझ्या घरात.”

“तुझा लाल झाला तर? दोनदा झालाय तुझा.”

“फटका येतोय हे माहीत असलं की कसली भीती? चौकीत तू माझं नाव घेतलं नव्हतंस, सोपान. मी विसरलो नाही. चल, मार. नाजूक बाईसारखा मारू नको, खूण उठली पाहिजे.”

सोपानने मारलं. भरतचा ओठ फुटला. मणी हिरवाच राहिला. ओठ पुसत भरत हसला. “बघ, काही नाही. आज बायकोने मटण केलंय, आता तिखट झोंबणार तेवढं.”

घर. बायको. मटण.

सोपानचा हात दुसऱ्यांदा कधी उठला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. भरत पोत्यांवर आडवा झाला. या वेळी फटका येतोय हे त्याला माहीत नव्हतं. त्याने आधी सोपानकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे.

“तिसऱ्यांदा झाला रे,” तो हळूच म्हणाला.

त्या लाल उजेडात सोपान मूठ आवळून उभा होता. पोटातली आग विझली होती. कितीतरी वर्षांनी त्याला गार वाटत होतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

पोलिसांची गाडी गेटातून आत वळली. पहिला फटका तनूसाठी होता, हे तो शपथेवर सांगू शकत होता. दुसरा कोणासाठी होता?