शेवटून वाचणारी बाई

"चोर मी नाही, पण पुरावा माझ्याच नावाचा आहे," मुद्रितशोधक बाई म्हणाल्या.

समोरच्या खासगी गुप्तहेर बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण त्यांचा दीर कायम बरोबर असे आणि तशीच हाक मारी. तो सगळ्यांचा भाऊजी. त्याची बुद्धी मंद नव्हती, नुसती निवांत होती.

प्रकरण असं होतं. नव्या रहस्यकादंबरीचा शेवट, खुन्याच्या नावासकट, पुस्तक छापण्याआधीच इंटरनेटवर झळकला होता. फाइल फक्त संपादक, चित्रकार आणि या बाईंकडे होती. ती स्क्रीनवर पाहता येई. कॉपी आणि प्रिंट बंद. कोणी कोणतं पान आधी उघडलं, ते मात्र प्रकाशनसंस्थेच्या मालकांना दिसे.

"दोघांनी पहिलं पान उघडलं, मी थेट शेवटचं. माझी सवयच आहे, पण मालकांनी ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्या दोन प्रकाशकांना फोन करून माझं नावही सांगितलं. आमच्या धंद्यात नाव गेलं की प्रूफं बंद."

"खुनी कोण निघतो?" वहिनींनी सहज विचारलं.

"मला काय ठाऊक?"

भाऊजी चकित झाला. त्याने मोबाइलवर तो फुटलेला मजकूर काढला. "वहिनी, हे बघा. खुनी सुरा उचलतो, मध्येच 'मसुदा, केवळ वाचनासाठी', आणि मग वार करतो. इतका शिस्तीचा खुनी मी पाहिला नाही."

"ती ओळ फाइलच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर आहे," बाई म्हणाल्या.

वहिनी आणि भाऊजी आधी संपादकांकडे गेले. त्यांचे डोळे अधू होते. त्यांनी उत्साहाने फाइलमधली नवी सोय दाखवली. एक बटण दाबलं की अक्षरं मोठी होत आणि पानांच्या कडा गळून मजकूर सलग वाहू लागे.

"माथ्यावरची ओळ?" वहिनींनी विचारलं.

"कुठली ओळ?"

तिथून ते चित्रकाराकडे गेले. त्याचे हात रंगाने माखलेले होते. "वाचतो कोण? फाइल आता स्वतःच वाचून दाखवते. ती बोलते, मी रंगवतो."

संगणकासमोर, रंगाच्या बाटल्यांना टेकून त्याचा मोबाइल उभा होता.

"मुखपृष्ठावर तुमचं नाव दिसत नाही," वहिनी म्हणाल्या.

"आहे की. आतल्या पानावर, बारीक." तो हसला, पण जरा उशिरा.

संध्याकाळी मालकांच्या खोलीत सगळे जमले. वहिनींनी फाइलला शेवटचं प्रकरण वाचायला लावलं. यंत्राचा आवाज एका सुरात म्हणाला, "त्याने सुरा उचलला मसुदा केवळ वाचनासाठी आणि वार केला."

चित्रकाराचा चेहरा उतरला.

"डोळ्यांनी उतरवणारा ही ओळ गाळतो," वहिनी म्हणाल्या. "संपादकांना ती दिसतच नाही. बाईंनी ती झोपेतही खोडली असती. यंत्र मात्र समोर येईल ते बोलतं, आणि ऐकून लिहिणारा मोबाइल ऐकेल ते लिहितो. इंटरनेटवर टाकण्याआधी एकदा नजर फिरवायची होती. पण हे चित्रकार वाचतच नाहीत."

"चित्रं सगळी माझी आणि नाव आतल्या पानाच्या कोपऱ्यात," चित्रकार पुटपुटला. "राग होता. आळ बाईंवर येईल असं वाटलं नव्हतं."

"आल्यावर गप्प बसलात ना?"



"मग यांनी शेवटचं पान आधी का उघडलं?" मालकांनी विचारलं.

"गोष्टीत गुंतलं की डोळा चुका ओलांडून पळतो. म्हणून या शेवटाकडून मागे येतात, एकेक ओळ सुटी करून. तुमची इतकी पुस्तकं त्यांनी तपासली, तुम्ही कधी विचारलं नाहीत. खुनी कोण हे साऱ्या जगाला कळलं, यांना अजून नाही."

मालकांनी मान खाली घातली. "चुकलो, बाई. लेखक नवा शेवट लिहितायत. तोही तुम्हीच तपासा."

"ते नंतर," बाई म्हणाल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. "ज्या दोघांना फोन केलेत, त्यांना आत्ता करा. माझ्यासमोर."

मालकांनी नंबर लावला. पलीकडून उत्तर आलं आणि ते घुटमळले.

"पहिल्यापासून सांगा, मालक," बाई म्हणाल्या. "काही गाळू नका."