आजी मधोमध का बसेना?

आमच्या घरी एक अधिक एक मिळून अर्धा झाला होता आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. घाबरू नका, गणिताचा तास नाही हा. आजोबांच्या स्टिरिओची गोष्ट आहे.

स्टिरिओ म्हणजे दोन स्पीकरमधून आवाज ऐकवणारं यंत्र. आजोबांचा स्टिरिओ बाबांच्या जन्माआधीपासूनचा! आता घरोघरी गाणाऱ्या भिंती आल्यात. कागदासारखा पातळ थर चिकटवला की भिंतच वाजायला लागते. पण आजोबा ऐकतील तर शपथ!

त्यांचा हट्ट आजीसाठी होता. कुमुदआजी दोन वर्षांपूर्वी गेली. घरच्याच एका मैफलीत ती गायली होती, त्याची टेप आहे. आजोबा रोज संध्याकाळी डोळे मिटून ती ऐकायचे आणि मला म्हणायचे, "केतके, बघ. स्पीकर दोन कडांना, पण कुमुद मधोमध बसते!" खरंच, आवाज अगदी मधल्या रिकाम्या जागेतून यायचा.

दसऱ्यानंतर मात्र त्यांनी टेप लावणंच सोडलं. एक दिवस बाबांना म्हणाले, "ने बाबा हा स्टिरिओ. आण तुझी ती भिंत."

बाबा खूश. रविवारी संध्याकाळी जुनं यंत्र न्यायला माणसं येणार, हेही ठरलं. मला काही चैन पडेना. रविवारी सकाळीच मी आजोबांना गाठलं. "असं एकदम का हो?"

"कुमुद आता मधे बसत नाही," आजोबा म्हणाले. "आवाज नुसता घरभर भटकतो. साथीच्या तबल्याचा डग्गाही ऐकू येत नाही. कान गेले माझे, केतके. ती गेली, आता तिचा आवाजही चालला."

त्यांचे डोळे भरून आले. मला तर रडूच फुटणार होतं, पण रडून काय होणार? मी ढब्बूला हाक मारली. ढब्बू म्हणजे आमचा घरातला रोबो. गोल गरगरीत, आणि सल्ला द्यायला सदा तयार.

त्याने आजोबांचे कान तपासले. "वयाच्या मानाने उत्तम. बारीक शिट्ट्या ऐकू येणार नाहीत, पण डग्गा यायलाच हवा. म्हणजे स्टिरिओ बिघडला आहे. माझा सल्ला आहे, भिंत घ्या."

"थांब रे, अतिशहाण्या! काय बिघडलंय ते तरी कळू दे. आजोबा, तुम्हीच सांगता ना, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची?"

मी टेप लावली आणि फक्त डावा स्पीकर चालू ठेवला. डग्गा घुमला! मग फक्त उजवा. तोही घुमला! आता दोन्ही एकदम लावले, आणि डग्गा गायब. आजीचा आवाजही सगळीकडून यायला लागला, म्हणजे कुठूनच नाही.

"दोघं एकेकटे गुणी, आणि एकत्र आले की बिघडतात," मी म्हटलं. "आमच्या वर्गातल्या मुलांसारखं झालं हे!"

आजोबा खुर्चीतून ताडकन उठले. आमचे आजोबा खगोलशास्त्रज्ञ. जन्मभर त्यांनी रेडिओ दुर्बिणींवर (ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी टिपणाऱ्या मोठाल्या तबकड्यांवर) काम केलं. तबकड्यांनी टिपलेल्या लहरी जुळवायच्या, हीच त्यांची नोकरी.

"चल झोपाळ्यावर!" ते म्हणाले. ते झोपाळ्यावर बसले. मी आणि ढब्बू मागे.

"दोघं एकदम ढकला." झोपाळा झक्क वर गेला.

"आता केतकी ढकलेल तेव्हा ढब्बू, तू मागे ओढ." मी जीव खाऊन ढकललं, ढब्बूने ओढलं, आणि झोपाळा जागचा हलेना.

"कळलं? स्पीकरमध्ये एक पडदा असतो. तो पुढे आला की हवा दाबली जाते (याला संपीडन म्हणतात), मागे गेला की ती विरळ होते (हे विरलन). हे दाब-विरळ पुढे पुढे सरकत कानापर्यंत येतं, तीच ध्वनिलहर. आता एक पडदा पुढे येताना दुसरा मागे गेला तर?"

"एक हवा दाबणार, दुसरा विरळ करणार. दोन्ही मिळून काहीच नाही!"

"शाब्बास! लहरी एकमेकींत अशा मिसळतात, त्याला व्यतिकरण म्हणतात. जुळल्या तर आवाज वाढतो, उलट पडल्या तर घटतो. डग्ग्याच्या लहरी लांबलचक, त्या जवळजवळ पुसल्या जातात. बारीक स्वरांच्या आखूड, त्या कुठे जुळतात, कुठे पुसल्या जातात, म्हणून गाणं पुरतं बंद पडत नाही."

"आणि आजी?"

"दोन्ही कानांना एकाच वेळी सारखीच हाक आली तर मेंदू म्हणतो, हाक समोरून आली. इथे दोन स्पीकर एकमेकांच्या उलट बोलतात. मग मेंदूने तिला बसवायचं तरी कुठे?"

"म्हणजे एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्यात. पण कुणी?"

आजोबांनी स्पीकरमागे वाकून पाहिलं. मग कपाळावर हात मारून हसायला लागले.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. स्पीकर सोडवून, पुसून पाटावर ठेवायचं काम आजीचं. जुन्या स्क्रूंचे रंग उडालेले, म्हणून ती पूजेत प्रत्येक स्पीकरच्या एकाच स्क्रूला कुंकू लावायची. लाल खुणेची तार त्या कुंकवाच्या स्क्रूला. ती गेल्यावर मागच्या वर्षी पूजा झालीच नाही; यंदा ती आजोबांनी केली होती.

"आणि मी भक्तिभावाने सगळ्याच स्क्रूंना कुंकू लावलं! जन्मभर ताऱ्यांच्या लहरी जुळवल्या, आणि घरात हा गोंधळ! दोष मात्र कानांना दिला."

उजव्या स्पीकरच्या दोन तारांची मी अदलाबदल केली. बस्स, एवढंच. बाबांनी हसत हसत माणसांना फोन करून नको म्हणून कळवलं.

"चंद्राच्या मागच्या बाजूलाही कधी तरी तबकड्या उभ्या राहतील," आजोबा म्हणाले. "त्यांच्या लहरी जुळवायला तू जा, केतके. फक्त कुंकू बेताने लाव!"

मग त्यांनी टेप लावली. डग्गा घुमला. आजोबांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. स्पीकरांच्या मधोमध ढब्बू उभा होता.

"ढब्बू, बाजूला हो," आजोबा हळूच म्हणाले. "कुमुद बसलीय तिथे."