कोहळा न फोडलेली स्कूटर

विठोजीला एखादी वस्तू घ्यायची असली की अख्ख्या घराचा जीव टांगणीला लागत असे. साधा मिक्सर घेताना त्याने बंगळूरच्या चामराजपेटेतली सगळी दुकानं पालथी घातली होती. मग ऑफिसला जायची स्कूटर, तीही उभ्याने चालवायची, विजेवरची आणि घडी होणारी, म्हणजे तर विचारूच नका. जेवताना एका हाताने घास आणि दुसऱ्या हातात फोन. कुणाची बॅटरी लवकर उतरते, कुणाचा ब्रेक ओल्या रस्त्यावर दगा देतो, सगळं तोंडपाठ. त्याची बायको पवित्रा एकदा वैतागून म्हणाली, "मला बघायला आला होतात, तेव्हा एवढे प्रश्न नव्हते विचारले."

पण त्याचंही बरोबर होतं. घरापासून मार्केटच्या मेट्रोपर्यंत रिक्षावाले येत नसत, आणि पलीकडे मल्लेश्वरमला उतरल्यावर ऑफिसपर्यंत चांगली लांब चढण. स्कूटर मेट्रोत काखेत मारून न्यायची आणि घरी अरुंद जिन्याने वर चढवायची, तेव्हा त्याचा खरा प्रश्न वजनाचा होता. दुकानात तो एकेक स्कूटर उचलून, डोळे मिटून, चार पावलं चालून बघत होता. गडद हिरव्या रंगाची एक त्याने उचलली आणि त्याचा चेहरा उजळला. खटका दाबला की दांडा खाली येऊन मागच्या चाकावर अडकायचा. "हिला वजनच नाही," तो म्हणाला, आणि तीच घेतली.

घरी आल्यावर त्याची पहिलीतली लेक निवेदिता तिच्याभोवती नाचायला लागली. "अप्पा, मी पुढे उभी राहते. एकच फेरी!"

"नाही. ती एकाच माणसासाठी आहे."

निवी रोज विचारायची आणि तो रोज नाही म्हणायचा. नियमाच्या बाबतीत तो लेकीचंही ऐकणारा नव्हता. ती मग दारात उभी राहून स्कूटर कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची.

नवरात्र आलं. विठोजीचे पूर्वज तलवार कमरेला लावून या गावात आले आणि इथलेच झाले. ती तलवार अजून घरात आहे, आणि खंडेनवमीला तिची पूजा होते. तिच्या शेजारी पक्कड, पवित्राचं शिलाई मशीन, निवीची सायकल, खाली राहणाऱ्या हंबीरकाकांची मोटरसायकल, सगळं ओळीने मांडायचं. चाक असलेल्या प्रत्येक वस्तूच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, तिच्यासमोर कुंकू भरलेला कोहळा फोडायचा, आणि त्या दिवशी कशालाच हात लावायचा नाही. कोहळा हा बळीच असतो, जिवाच्या बदल्यात दिलेला. विठोजीची आई, पद्मावतीबाई, यातलं काही चुकू देत नसत.

त्यांनी स्कूटरही ओळीत ठेवली होती. हळदीकुंकवाचं पाणी शिंपडायला त्यांनी हात उचलला, आणि विठोजीने ती झटकन उचलून घेतली.

"आई, बॅटरीत पाणी गेलं तर वॉरंटी जाईल. आणि मला ऑफिसला जायचंय."

"आज? आज वाहन काढतात का अण्णा?" आई त्याला अण्णाच म्हणत.

"हे काय वाहन आहे? घडी घातली की पिशवी होते."

"चाकं आहेत ना तिला? स्वल्प थांब. कोहळा तरी फोडू दे. आपण दिलं नाही तर ती आपलं आपण घेईल…"

पण तो जिना उतरून गेलासुद्धा. पद्मावतीबाई हातातला कोहळा घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी तो परत येताना अजून उजेड होता. त्या दिवशी बंगळूरचे चौक कसे असतात ते पाहिलेल्यालाच ठाऊक. दुकानादुकानापुढे, रिक्षांपुढे, बसपुढे फुटलेले कोहळे, पांढरा गर कुंकवाने लालभडक झालेला, आणि त्याचा कच्चा, हिरवट वास. मोठी चाकं त्यावरून निघून जातात. विठोजीच्या स्कूटरची चाकं बशीएवढी. ती गरात रुतली आणि सरकली. पडतो की काय असं वाटत असतानाच तिचा पुढचा भाग हलकेच खाली दबला. कुणी चढून उभं राहिलं की दबतो तसा. मग ती एकदम स्थिर झाली आणि चालायला लागली. विठोजीने खाली बघितलं. त्याचेच दोन पाय होते. फक्त ते फळीच्या अगदी मागच्या टोकाला गेले होते, पुढे जागा सोडून. ते तिथे कधी गेले हे त्याला आठवेना.

त्या दिवसापासून ती जड व्हायला लागली.

आधी त्याने बॅटरीला दोष दिला, मग टायरमधल्या हवेला, मग स्वतःच्या कमरेला. मेट्रोत सामान तपासणारा मंजुनाथ त्याच्या ओळखीचा झाला होता. त्यालाही तसलीच स्कूटर घ्यायची होती, म्हणून तो कौतुकाने ती स्वतः उचलून पट्ट्यावर ठेवायचा. एके सकाळी त्याने ती उचलली, आणि चटकन दुसरा हात लावला.

"काय सार, मोठी बॅटरी घातली?"

"नाही. तीच आहे."

मंजुनाथने स्कूटरकडे बघितलं, आणि त्यानंतर तो ती पट्ट्यावर फार सांभाळून, आवाज न करता ठेवायला लागला.

त्याच आठवड्यात निवी खुर्चीतच पेंगली, म्हणून विठोजी तिला उचलायला गेला. भरलेली समजून बादली उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसे त्याचे हात वर उडाले. निवी दिसायला होती तशीच होती. गाल गुबगुबीत, दंड गोल. ताटात वाढलेलं सगळं संपवत होती. पण ती झोपली की गादी दबत नसे. शाळेतून आली की जिन्यावर पावलं वाजत नसत, एकदम दारातच उभी दिसायची. आणि तिने स्कूटरवर चढायचा हट्ट सोडला होता. स्कूटरकडे ती आता बघतही नसे.

डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. काट्याकडे बघून त्यांनी त्याला बोटाने टिचक्या मारल्या, मग दुसरा काटा मागवला, मग हसून म्हणाले की दोन्ही बिघडलेत. रक्त तपासलं, ते उत्तम होतं. पवित्रा घरी येऊन देवापुढे रडली. विठोजीला रडताही आलं नाही. त्याला एक भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

ती खरी झाली मेट्रोत. त्या दिवशी डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्याने घडी घातलेली स्कूटर छातीशी धरली होती. दांडा त्याच्या खांद्यावर टेकला होता. गाडी सुरू झाली, आणि त्याच्या हातातलं ओझं हळूहळू सैल पडत गेलं. झोपलेलं मूल जागेपणीपेक्षा जड लागतं, हे मूल वाढवलेल्या कुणालाही विचारा. लोखंड तसं कधी जड होत नाही. दांडा खांद्यावरून घसरत दंडावर आला आणि तिथे विसावला. निवी अशीच झोपायची. आधी खांदा, मग दंड, मग एक लांब सुस्कारा. विठोजीचा हात आपोआप थोपटायला लागला.

समोरच्या सीटवरची बाई उठून उभी राहिली. "बन्नी सार, कूतकोळ्ळी," ती हळूच म्हणाली आणि त्याला बसायला जागा करून दिली. मग तिची नजर त्याच्या हातांकडे गेली. ती गोंधळली, चारचौघांकडे बघून ओशाळली, आणि दुसऱ्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी विठोजी स्कूटर चालवत परत आला नाही. कडेवर घेऊन पायी आला. त्याने चालवणंच बंद केलं. त्यापुढे निवी आणखी हलकी झाली नाही, पण गेलेलं परतही येईना. पद्मावतीबाईंनी सकाळ-संध्याकाळ अंगणात स्कूटरसमोर कोहळा फोडून बघितला. "उशीर झाला," त्या म्हणाल्या. "घेऊन झाल्यावर दिलं, तर कोण सोडतं…" त्यांनी मुलाला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

पवित्राला तो एवढंच म्हणाला, "ती स्कूटर घरातून हलवायची नाही. कुणीही."

"का पण? तिच्या पायीच झालंय ना सगळं?"

काय सांगणार होता तो? की आपल्या मुलीचं जे काही गेलंय ते तिथे आहे, त्या कोपऱ्यात उभं? संध्याकाळी पवित्रा त्या खोलीत गेली तेव्हा तो जमिनीवर बसला होता. स्कूटरवर त्याने निवीची गोधडी पांघरली होती आणि तिला थोपटत होता. पवित्रा दारातूनच मागे फिरली. आईचंच काळीज ते. आता लेक आणि नवरा दोघंही हातचे जाणार, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी विठोजी ऑफिसला आणि निवी शाळेत असताना पवित्राने स्कूटर देऊन टाकली. ओळखीतून कुणी शिवलीला नावाच्या शिक्षिका आल्या होत्या, बेळगावकडच्या, मल्लेश्वरमला राहणाऱ्या. त्यांना शाळेत जायला हवीच होती.

विठोजी आला तेव्हा दिवे लागले होते. कोपरा रिकामा बघून तो भिंतीला धरून खाली बसला.

"काय केलंस तू…"

"मी तिला वाचवलं," पवित्रा म्हणाली. "बघा तरी. आज किती शांत आहे ती."

निवी खरंच शांत होती. आजीच्या मांडीवर बसून खिडकीबाहेर बघत होती. पद्मावतीबाई तिच्या केसांतून हात फिरवत होत्या.

"त्यांचा नंबर दे," विठोजी म्हणाला. तेवढ्यात पवित्राचाच फोन वाजला. तिने नाव बघितलं आणि तो त्याच्या हातात दिला. "हॅलो," तो म्हणाला.

"मी शिवलीला बोलते ओ सर," पलीकडून दबक्या आवाजात बाई बोलत होत्या. "तुमी लई काळजीत असशिला म्हणून लगेच फोन केला. पोरगी हितंच हाय. घाबरू नका."

"कोण पोरगी?"

"तुमचीच की ओ. घरला येऊन स्कूटर उघडली, वळून बघते तर दारात उभी. माझ्या मागनं कवा आली कळलंच नाही बघा. नाव निवेदिता सांगत्या, तुमचं नाव सांगत्या, चामराजपेट सांगत्या. भूक लागल्या म्हणाली, भात घातला. आता कडेवरनं उतरंना झाल्या. गुटगुटीत हाय हां पोरगी, हात भरून आला माझा… थांबा, तिलाच देते."

फोनमध्ये आधी नुसता श्वास ऐकू आला. लांब, थकलेला.

"अप्पा," निवीचा आवाज आला. "मी किती दिवस हाका मारत होते. तू उचलून घ्यायचास, पण बोलायचा नाहीस. आता न्यायला ये ना."

त्याने मान वर केली. खिडकीपाशी, आजीच्या मांडीवर, निवीचे ओठ मिटलेले होते. फोनमधलं बोलणं खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं होतं. पवित्राने तोंडावर हात दाबून धरला होता.

"येतो," विठोजी म्हणाला. "आलोच बाळा. तिथेच थांब."

तो उठला. चप्पल घालायला वाकला, तेव्हा खिडकीपाशी बसलेली मुलगी पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. चेहरा त्याच्या लेकीचाच होता. तीळसुद्धा जागच्या जागी.

"जाऊ नको अप्पा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "राहू दे तिला तिथे. त्या बाई चांगल्या आहेत."

पद्मावतीबाईंचा केसांतून फिरणारा हात थांबला. त्यांनी खाली बघितलं. मूल मांडीवर बसलं की लुगडं दबतं, चुण्या पडतात. त्यांच्या लुगड्याला एकही चुणी नव्हती.

"अण्णा…" त्या हलल्याशिवाय, अगदी हळू म्हणाल्या. "तू जा. लवकर जा. मी हिला धरून बसते."

आणि लेकराच्या दोन थंड हातांनी त्यांच्या गळ्याला मिठी घातली.