शेवटची घाणेरी

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला आमच्या घरामागे एक ओढा आहे. त्याच्या काठची घाणेरी काढायची आणि तिथली मूळची झाडं वाचवायची, हे आमच्या बुशकेअर ग्रुपचं दर शनिवारचं काम. ते जोडीने करायचं. एकाने खोड बुंध्याशी कापायचं, दुसऱ्याने पंधरा सेकंदांत कापावर औषध लावायचं. उशीर झाला की घाणेरी पुन्हा फुटते. औषधात लाल रंग असतो, म्हणजे कुठलं खोड झालं ते कळतं.

मी कापायचे, माझा नवरा हृषिकेश औषध लावायचा. "मॅडम, कापताय की हेअरकट करताय?" हा एवढाच विनोद त्याला यायचा, आणि तो दर शनिवारी यायचा.

२०२१च्या मार्चमध्ये तो आजारी आईसाठी पुण्याला गेला. मे महिन्यात, इकडे यायची विमानं बंद असताना, तिथेच कोविडने गेला. अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले. व्हिडिओ मध्येच अडकला. त्याला शेवटचं भेटता आलं नाही, हे काही केल्या मनातून जात नाही.

जूनअखेर लॉकडाऊन लागला, ग्रुप बंद पडला. चालायला तेवढी परवानगी होती; त्या रोजच्या चालण्यात मी एकटीच करवत घेऊन जाऊ लागले. पहिलं खोड कापलं, औषधाची बाटली घ्यायला वळले, परत पाहिलं तर काप लाल होता.

मी स्टीलच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. मोजल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी बाटली घरीच ठेवली आणि सात खोडं कापली. सातही लाल.

घाबरायला हवं होतं. मी तिथेच बसून हमसून हमसून रडले.

ग्रुप चालवणाऱ्या चित्रलेखाला फोटो पाठवले. तिचा लगेच फोन आला.

"कट तू, पेंटही तू? इतकं फास्ट?"

"हो."

"विनीता, बरोबर कोण असतं गं? लॉकडाऊन आहे, फाइन बसेल हां."

"कोणी नाही."

"ओके. नो वरीज."

ऑगस्टअखेर एकच झुडूप उरलं. ते संपल्यावर हृषिकेश कशाला येईल? चार वर्षं जिच्या नावाने बोटं मोडली, त्या घाणेरीला मी हात लावेना. आठवडाभर नुसती जाऊन तिच्याशेजारी बसायचे.

शनिवारी गेले तर झुडूप आडवं पडलं होतं.

बुंध्याशी सरळ काप. ओला. लाल नव्हता.

माझी करवत घरी होती. बाटली मात्र जॅकेटच्या खिशात होती.

आता औषध लावायची पाळी माझी होती.

मी पंधरा मोजले. मग वीस. मग साठ. बाटली काढली नाही.

"फुटू दे परत," मी म्हणाले. "मला नाही द्यायचा निरोप."

खोडापलीकडच्या मऊ मातीत गुडघे टेकल्याच्या दोन खुणा होत्या. मी बघत असतानाच त्या हळूहळू आणखी खोल गेल्या.