डाव्या हाताची सुरी

बेकरीत पाव कापताना तिने वर्षभर बोलणी खाल्ली होती. एकही काप सरळ उतरायचा नाही. वर पातळ, खाली जाड. "लक्ष कुठे असतं गं तुझं?" मालकीणबाई रोज विचारायच्या. शेवटी वैतागून ती समोर दिसलेल्या सुऱ्यांच्या दुकानात शिरली. गल्ल्यावर कोणीच नव्हतं, म्हणून उगाच खाकरली.

धार लावायच्या चाकामागून तो उठून आला. हात मनगटापर्यंत काळे, आणि पापण्या मात्र मुलींना लाजवतील अशा.

"पावासाठी सुरी हवीय. सरळ कापणारी."

त्याने एक शिळा पाव आणि करवती सुरी पुढे केली. "कापा बघू."

तिने कापलं. त्याने कापाकडे पाहिलंच नाही. तिच्या हाताकडे पाहत राहिला.

"तुम्ही डावखुऱ्या आहात."

"मग? चुकलं काही?"

"तुमचं नाही. या सुरीला धार एकाच बाजूने असते, उजव्या हातासाठी. डाव्या हातात ती वाकडी पळणारच. मी वेगळी करून देतो. गुरुवारी या."

एवढंच बोलला तो... पण तिला एकदम भरून आलं. वर्षभरात तिची बाजू घेणारा तो पहिलाच.

गुरुवारी सुरी झाली नव्हती. पुढच्या गुरुवारीही नाही. तिची काही तक्रार नव्हती. तो एकेक सुरी तिच्या हातात देत राहायचा. टोमॅटोला बारीक दातेरी, नाहीतर साल दबून रस वाहतो. कांद्याला रुंद पात्याची. सोलायला बोटभर लांबीची.

"आणि माणूस ओळखायला कुठली?" तिने एकदा विचारलं.

"त्याला सुरी नाही, गुरुवार लागतात."

"किती?"

"अजून... मोजतोय."

तेवढ्यावर तिचा पुढचा आठवडा निघायचा, पण कसा! शुक्रवार उजाडला की जीव कशातच लागायचा नाही. एक पाव मागणाऱ्याला ती दोन बांधून द्यायची.

आणि मग दूरच्या शहरातल्या मोठ्या हॉटेलातून नोकरीचं बोलावणं आलं. सोमवारी निघायचं. आईने माळ्यावरून बॅग काढलीसुद्धा. तिला मात्र एकच घोर लागला होता – तो काही न बोलताच राहिला तर?

शनिवारी ती दुकानात गेली, तर गल्ल्यावर त्याची आत्या.

"माझी सुरी न्यायला आले. डाव्या हाताची. परवा निघतेय मी."

"अगं, ती महिन्यापूर्वीच झालीय," आत्या म्हणाली. "रोज काढतो, पुसतो, परत ठेवतो. मी म्हटलं, देऊन टाक एकदाची. तर म्हणतो, दिली की ती कशाला येईल?"

तेवढ्यात तो दारात आला आणि तिथेच थबकला. आत्याला आतलं काहीतरी काम आठवलं.

"खोटं बोललात?" तिने विचारलं.

"चार गुरुवार."

"आणि मी न सांगताच गेले असते तर? मोठ्या हॉटेलात नोकरी लागलीय मला, परवा निघतेय."

त्याने गल्ल्यामागून तिची सुरी काढून तिच्यापुढे ठेवली. मग म्हणाला, "माझा जीव जडलाय तुझ्यावर." तुम्हीचं तू कधी झालं, त्याचं त्यालाही कळलं नाही. "थांब म्हणणार नाही. एवढी चांगली नोकरी आहे... पण जा असंही म्हणवत नाही."

याच शब्दांसाठी ती झुरली होती.

"मी जाणार," ती कशीबशी म्हणाली. "पण तिथे रविवारी सुट्टी मिळेल मला. गाडीला पाचच तास लागतात. येशील?"

"या रविवारी की –"

"वेड्या, हा तर उद्याच आहे. पुढच्या."

"येईन."

सोमवारी गाडी सुटली आणि खिडकीशी बसून ती मनसोक्त रडली. समोरच्या आजी काळजीत पडल्या.

"कोणी गेलं का गं घरातलं?"

"नाही, आजी," ती नाक पुसत म्हणाली. "कोणीतरी येणार आहे."