दोन तिरक्या रेघा

नव्याण्णव साली विट्यात अनीशचं छोटं कॉम्प्युटर सेंटर होतं. परमुलखात गलाई, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं काम, करणाऱ्या इथल्या माणसांसाठी त्याने एक वेबसाइट केली होती. नाव टाकलं की माणूस कुठल्या गावी आहे ते दिसे. आता पुण्याचा सर्व्हर बदलणार होता आणि नावं जुळवणारं जुनं फंक्शन त्यावर चालणार नव्हतं. ते काढून नवं घालायचं, एवढंच काम होतं.

पण शेजारी बनुबाई बसली होती.

तिचा मुलगा जयराज कोईमतूरच्या गलाई दुकानात जळून गेला, त्याला वर्ष होत आलं. अनीशने स्वतः त्याचं नाव काढून टाकलं होतं. तरी जुनं फंक्शन त्याला शोधायचं. आधी कोईमतूर दाखवलं, मग हुबळी, आणि काल मिरज. बिघाड असणार, असं अनीश स्वतःला बजावत होता, पण त्याची झोप उडाली होती.

"आज नगं काढूस रं," बनुबाई म्हणाली. "मिरजंपतूर आलाय त्यो..."

"मावशी, ते आता चालणारच नाही."

"लेकरू घरला येतंय, आन् तू वाट बंद करतूस?"

अनीशला भरून आलं. तरी त्याने नवं फंक्शन घातलं. जुन्या फंक्शनची ओळ मात्र पुसली नाही. कोड लिहिणाऱ्यांची खोडच ती. ओळीपुढे दोन तिरक्या रेघा मारायच्या, म्हणजे ओळ राहते पण मशीन ती वाचत नाही. मग त्याने जयराजचं नाव टाकलं.

सापडला नाही.

"पुन्यांदा बघ..."

त्याने पुन्हा पाहिलं, स्पेलिंग बदलून पाहिलं. बनुबाईने हात जोडले तेव्हा त्याला मान वर करवेना. शेवटी ती उठली आणि भिंतीला धरत जिना उतरली.

अनीशने फोनची वायर काढली. इंटरनेट बंद झालं. खोलीत गलाईच्या तेजाबाचा उग्र वास पसरला, त्यात जळक्या कापडाचा. पडद्यावर नाव टाकायच्या चौकटीत एकेक अक्षर उमटू लागलं. कीबोर्डला कुणाचा हात नव्हता.

बनुबाई.

खाली उत्तर आलं. विटा.

अनीश अनवाणीच धावत सुटला. बनुबाईच्या घराचं दार आतून लावलेलं होतं, आणि फटीतून तोच वास येत होता. त्याने जिवाच्या आकांताने दार ठोठावलं.

"मावशी... दार उघडा..."

आत ताट सरकल्याचा आवाज झाला.

"हळू रं," बनुबाई म्हणाली. "जेवाय बसलाय त्यो."