तिसरा शब्द

स्मरणशक्ती तपासणीच्या खोलीत मी इतकी वर्षं बसतेय की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला दमायला होतं. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी प्रत्येकाची चाचणी मी घेते. तीन शब्द सांगायचे, मग आकडेमोड, घड्याळाचं चित्र असल्या कामात गुंतवायचं आणि शेवटी तेच शब्द परत विचारायचे. कॉलेजातली मुलं झोप उडाल्यामुळे विसरतात, चाळिशीतल्या बायका थायरॉइडमुळे किंवा बी-बारा कमी पडल्यामुळे, आणि म्हाताऱ्यांचा मेंदूच झिजत आलेला असतो. कारणं डॉक्टर शोधतात. माझं काम शब्द द्यायचे आणि परत घ्यायचे.

चाचणीच्या कागदावरचे छापील शब्द नेहमी तेच, म्हणून नातेवाईक ते बाहेरच्या बाकावरच पाठ करून घेतात. त्याला वैतागून मी घरातल्या वस्तू सांगायला लागले.

एका निवृत्त बसचालकाला मी 'आरसा' सांगितला. त्यांनी छातीठोकपणे 'खिडकी' म्हणून उत्तर दिलं. संध्याकाळी घरी हात धुवायला गेले, तर बेसिनवर आरसा नव्हता. तिथे छोटी खिडकी होती, गजांवर जुना गंज चढलेला.

"ताई, आरसा कुठे गेला?"

"कुठला आरसा? तिथे खिडकीच आहे की. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. माझ्या वेण्या घालण्यापासून सगळं ताईनेच केलं. आता घरात आम्ही दोघीच. तिच्यावर अविश्वास दाखवायचा तरी कसा? कामाचा ताण, दुसरं काय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग परीक्षेच्या धास्तीने झोप गमावलेला एक विद्यार्थी 'खुर्ची'ऐवजी 'स्टूल' म्हणून गेला. घरी आले तर ताई स्टुलावर बसून माझ्यासाठी राखाडी स्वेटर विणत होती.

"खुर्चीत बस ना गं, पाठ धरेल."

"आपल्याकडे खुर्ची होती कधी?"

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने छापील शब्दांवर परतले. त्यानंतर घरातलं काही हललं नाही, आणि मीही हळूहळू निर्धास्त झाले.

मग एक आजी आल्या, मुलाबरोबर. मी काही बोलायच्या आत त्यांनी छापील तिन्ही शब्द घडाघडा म्हणून दाखवले. मुलगा ओशाळला. त्याला बाहेर बसवलं. तेवढ्यात ताईचा फोन आला. "एकच बाही राहिलीय. लवकर ये, माप घ्यायचंय." मी फोन ठेवला, डोळे चोळले आणि जिभेवर आलं ते बोलून गेले.

"ढग, सुई, बहीण."

शेवटचा शब्द तोंडातून सुटला आणि मी भानावर आले.

"आजी, हे राहू द्या. दुसरे देते."

"राहू दे कशाला? येतात मला. ढग. सुई."

"तिसरा बहीण, आजी. म्हणा, बहीण."

असं सुचवायला आम्हाला सक्त मनाई आहे.

"सांगू नकोस गं! आठवतंय मला."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा एकदम निवला.

"आई."

"नाही हो, बहीण. एकदा म्हणा ना. पाया पडते तुमच्या."

"आईच," त्या म्हणाल्या.

घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. मी तशीच निघाले.

दार एका बाईने उघडलं. केस काळेभोर. माझ्यापेक्षा वयाने लहान.

तो चेहरा मी फक्त फोटोत पाहिला होता.

"कोण हवंय आपल्याला?" तिने अदबीने विचारलं.

मला 'आई' म्हणायचं होतं. मला 'ताई' म्हणून हाक मारायची होती.

तिच्या हातात राखाडी स्वेटर होता, एका बाहीचा.

"हा तुमचा का? स्टुलावर पडला होता. एवढ्या मापाचं आमच्याकडे कुणी नाही."

तिने कमरेपाशी हात धरून दाखवला.

"मला एकच मुलगी. ती अजून एवढीशी आहे."